पहाटे चारची परवानगी

मी एक जुनं शटर आहे. ढोकीला साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर गजराबाईंची खानावळ आहे. तिच्या दाराला मी गेली एकोणीस वर्षं आहे. दिवसभर वर गुंडाळलेला आणि रात्री खाली पसरलेला, एवढाच माझा प्रवास. मित्रांनो, तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेला असाल तर माझा आवाज ऐकून कानावर हात ठेवले असतील. त्याचा मला राग नाही. पण त्या आवाजावरून आमच्या दारात जे घडलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म उमरग्याला, बंडप्पांच्या वर्कशॉपात झाला. बंडप्पा गिऱ्हाइकाशी निम्मं कानडीत, निम्मं मराठीत बोलत आणि पत्र्याशी फक्त हातोडीनं. त्यांनी एकेक पट्टी दुसरीत ओवली, वर स्प्रिंग बसवली, निळा रंग दिला आणि टेम्पोत घालून मला ढोकीला आणलं. तेव्हा गजराबाईंचे यजमान हयात होते. पहिल्या दसऱ्याला मला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ मिळाली. शेजारच्या दगडोबांनी मला वरखाली करून पाहिलं आणि म्हणाले, "गजरा, एका बोटानं उचलतंय की गं!" ते कौतुक मला अजून आठवतं. खरं सांगायचं तर त्यानंतर फारसं कुणी केलंच नाही.

पुढं यजमान गेले. चूल, भाकऱ्या, बाजार आणि लहानगी लेक निकिता, सगळं एकट्या गजराबाईंच्या अंगावर आलं. अशात माझ्या खोबणीला ग्रीस लावायचं कुणाच्या ध्यानात राहणार? धूळ बसली, गंज चढला, एक पट्टी ट्रॅक्टरच्या धक्क्यानं वाकली. वर जाताना मी किंचाळू लागलो. गजराबाई दोन्ही हातांनी मला रेटायच्या आणि रोज माझा उद्धार करायच्या. निळा रंग कुठल्या कुठं गेला होता.

दगडोबांचं घर आणि आमची खानावळ यांच्यात एकच भिंत. गजराबाईंना सख्खा भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला त्या दगडोबांनाच ओवाळतात. कालवण झालं की पहिली वाटी भिंतीपलीकडं जाते, मग गिऱ्हाइकाचं ताट वाढलं जातं. दगडोबांच्या बायकोला, विठाबाईंना, दम्याचा त्रास होता. थंडी पडली की त्यांना आडवं होता यायचं नाही. रात्रभर त्या उशांना टेकून बसायच्या. त्यांचा खोकला मला भिंतीतून ऐकू यायचा.

गेल्या वर्षी गळीत हंगाम ऐन भरात होता. ईट गावाकडून आलेल्या ऊसतोड टोळीतली सिताबाई एक दिवस दुपारी लंगडत खानावळीत आली. पायाला लुगड्याची चिंधी बांधलेली होती. ऊस तोडता तोडता डुलकी लागली आणि कोयता नडगीवर बसला होता.

"असं कसं गं झोपलीस उभ्या उभ्या?" गजराबाईंनी विचारलं.

"मावशी, दोनला उठून भाकऱ्या थापाव्या लागत्यात. चारला गडी निघत्यात, पाचला फडात. रात हाय कुठं आमाला?"

गजराबाईंनी तिच्या जखमेत हळद भरली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहाटे चारला मला वर ढकललं. साडेचारपर्यंत टोळीपुरत्या भाकऱ्या आणि पिठलं तयार होतं. मुकादमानं सगळ्यांचे डबे एकदम फडात नेले. त्या दिवसापासून टोळीतल्या बाया दोनऐवजी चारला उठू लागल्या. दोन तासांची झोप, मित्रांनो! तुम्हाला ती किरकोळ वाटेल, त्यांना नव्हती.

पण आमच्या परवान्यावर वेळ लिहिली होती सकाळी सहा ते रात्री दहा. महिनाभरातच कचेरीतून माणूस आला. पुन्हा सहाच्या आत शटर उघडं दिसलं तर परवानाच जाईल, अशी लेखी ताकीद देऊन गेला. बाया परत दोनला उठू लागल्या आणि गजराबाईंना पहाटे अंथरुणात पडून राहणं जड जाऊ लागलं.

म्हणून या वर्षी हंगामाच्या तोंडावर निकितानं अर्ज लिहिला. उघडायची वेळ सहाऐवजी चार करून मिळावी. शेजाऱ्यांची ना-हरकत जोडायची होती. निकिता पिठाच्या गिरणीत गेली, पंक्चरवाल्याकडं गेली, समोरच्या शिलाईच्या दुकानात गेली. सव्वीस सह्या झाल्या.

"आये, दगडूमामाची सही ऱ्हायली," निकिता म्हणाली.

"मामापुढं कागूद धरतीस व्हय? परकं हायत का त्ये? राग येईल त्यास्नी."

आमच्याकडं असंच आहे. सही मागायची ती परक्याकडं. ज्याला ओवाळायचं त्याच्यापुढं कागद धरला तर तो म्हणणार, माझ्यावर भरवसा नाही का? निकितानं अर्ज पाकिटात घातला. मी वर गुंडाळलेला ऐकत होतो आणि मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मार्गशीर्षात कचेरीतले साहेब पाहणीला आले. त्यांनी जागा पाहिली, मला एकदा खाली ओढायला लावलं, परत वर ढकलायला लावलं. मी नेहमीसारखा किंचाळलो. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि फाइल उघडली.

"बाई, सह्या सव्वीस आहेत. पण एक लेखी हरकत आलीय. पहाटे शटरच्या कर्कश आवाजानं आजारी पत्नीची झोप मोडते, गेल्या हंगामात फार हाल झाले, तरी परवानगी देऊ नये. खाली सही, दगडोबा."

गजराबाईंचे हात पिठात होते, ते तसेच राहिले. आणि माझं काय झालं म्हणून सांगू! सव्वीस जण हो म्हणाले होते आणि नको म्हणणारा एकटा माझ्यामुळंच नको म्हणत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दगडोबा दारात येऊन उभे होते. गजराबाई त्यांच्याकडं वळल्या.

"दादा, मला एका शब्दानं बोलला असता. पार कचेरीत गेलासा?"

"तू बोललीस का?" दगडोबांचा आवाज चढला. "गिरणीवाल्याला इचारलंस, पंक्चरवाल्याला इचारलंस. भिताडाला भिताड हाय आपलं, मला इचारलं न्हाईस. अख्खा हिवाळा मी हिच्या उशाशी बसून काढला गं. पहाटं कुठं डोळा लागायचा आन् तुझं शटर बोंबलायचं. तरी गप बसलो, घरचं म्हणून."

"घरचंच म्हणून म्याबी इचारलं न्हाय, दादा."

साहेब पेनाचं टोपण उघडून बसले होते.

तेवढ्यात विठाबाई भिंत धरत धरत आल्या. चार पावलांत त्यांना तीनदा थांबावं लागलं. निकितानं पुढं केलेल्या खुर्चीवर त्या बसल्या, दम खाल्ला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"माझ्या नावानं कागूद केलासा. मला इचारलं का?"

"अगं, तुझ्यासाठीच की..."

"मला झोप लागायची न्हाय, त्ये खरं. पर पहाटं डोळा लागल्यावर शटर वाजायचं, ह्ये कुणी सांगितलं? शटर वाजलं की डोळा लागायचा." त्या पुन्हा थांबल्या. छातीत शिट्टी वाजत होती. "रात सरत न्हाय ओ. तुमीबी दमून झोपलेलं. वाटायचं, आता श्वास अडकला तर कुणाला कळायचं न्हाय. आन् मग ह्ये शटर वाजायचं. वाटायचं, वन्सं उठल्या. चूल पेटली. आता काय झालं तर माणूस हाय जवळ. तवा कुठं पाठ टेकायची."

गजराबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "वैनी, म्या उद्याच ग्रीस लावून..."

"नगा लावू!" विठाबाई म्हणाल्या, आणि त्या परिस्थितीतही जरा हसल्या.

मित्रांनो, इतकी वर्षं मी माझ्या आवाजाच्या शरमेनं स्वतःला खात होतो. भिंतीला लागून लटकलेला मी, सगळं ऐकणारा मी, मलाही हे ठाऊक नव्हतं. मलाही दगडोबांसारखंच वाटायचं की माझ्यामुळं विठाबाईंची झोप मोडते.

साहेब माणूस वाईट नव्हते. पण ते म्हणाले, "तोंडी चालत नाही. हरकत लेखी आहे, तर माघारही लेखी लागेल. आणि फाइल आता परत वर जाईल. वेळ लागणार." दगडोबांनी तिथंच माघार लिहून दिली. विठाबाईंनी खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत सही केली. फाइल बांधून साहेब गेले.

आणि वेळ लागला. ताकीद डोक्यावर होती, म्हणून गजराबाईंनी सहाच्या आत मला हात लावला नाही. सिताबाईच्या टोळीतल्या बाया दोनला उठत राहिल्या. भिंतीपलीकडं खोकला चालू राही. पहाटे चारच्या सुमाराला तो थोडा थांबायचा. विठाबाई माझी वाट ऐकत असणार, हे आता मला कळत होतं. मी कुलपात अडकलेला. मग खोकला पुन्हा सुरू व्हायचा.

पौषातल्या एका पहाटे पावणेपाचला तो थांबला आणि पुन्हा आलाच नाही. दगडोबा हाका मारू लागले, तेव्हा गजराबाईंनी आतून कुलूप काढून मला अर्ध्यापर्यंतच उचललं आणि खालून वाकून धावत गेल्या.

परवानगीचं पत्र विठाबाई गेल्यावर सोळा दिवसांनी आलं. हंगामाचे तीनच आठवडे उरले होते. पहिल्या दिवशी पहाटे चारला गजराबाई आतून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पण मला उचलायला त्यांचा हात धजेना. दगडोबा मफलर गुंडाळून बाहेर आले. ते जागेच असावेत.

"उचल गजरा. टोळी वाट बघत आसंल."

"दादा, तुमाला तरास..."

"इचारलंस, बास झालं," दगडोबा म्हणाले, आणि स्वतः वाकून त्यांनी बाहेरून माझी एक बाजू धरली.

मी वर गेलो. साडेचारला सिताबाई स्वतः डबे न्यायला आली. तिचे डोळे जागरणानं सुजलेले नव्हते. भिंतीपलीकडं आता माझा आवाज ऐकून कुणी पाठ टेकत नव्हतं.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी म्हणते की आमची निगा राखा, आम्हाला तेलपाणी करा. मीही म्हटलं असतं. पण गंज चढला तरी माझं भागतं. तुम्ही एवढंच करा. ज्याला आपला माणूस म्हणता, त्याला सगळ्यात आधी विचारा. आजारी माणसाला काय हवं ते त्याच्याच तोंडून ऐका, त्याच्या वतीनं कागद करू नका. मी लोखंडाचा आहे. सगळं ऐकूनही मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.