काचेच्या कपाटातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. मिरवणुकीतला नव्हे, हातात धरून, खटका दाबून बोलायचा सरकारी भोंगा. मला स्वतःचा आवाज नाही. दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा, एवढंच मला येतं.

ठाण्याच्या माहिती कचेरीत मी आलो, तेव्हा महेंद्र गांगुर्डेही तिथे नवाच होता. लसीकरण असो, मतदार नोंदणी असो, जीपमधून आम्ही दोघं सगळीकडे हिंडलो. आधी सूचना लिहायची, साहेबांची सही घ्यायची आणि मगच मला तोंडाशी धरायचं, असा तिथला शिरस्ता होता.

एका जुलैत उल्हास नदी शहाडच्या वस्तीकडे सरकू लागली. साहेब बैठकीत, सही मिळेना. महेंद्र थांबला नाही. "सामान राहू द्या! म्हाताऱ्यांना, पोरांना घ्या आणि शाळेत चला!" बॅटऱ्या दोनदा बदलल्या, त्याचा घसा बसला. दुपारी पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा वस्तीत कुत्रंसुद्धा उरलं नव्हतं. खरं सांगतो, त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

आठवड्याभरात महेंद्रला दोन कागद मिळाले. एक प्रशस्तिपत्र आणि दुसरी, परवानगीशिवाय घोषणा केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. प्रशस्तिपत्र त्याने फ्रेम करून लावलं. नोटीस मात्र त्याच्या मनात घर करून बसली.

पुढे तो महापालिकेत जनसंपर्क अधिकारी झाला. मलाही मागून घेतलं. दिवा गावात हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना तो माझ्यातून सांगे, "पाणीपुरवठा लवकरच सुरळीत होईल." त्या त्याला तोंडावर खोटारडा म्हणत, आणि मला त्यांचंच पटे. काही वर्षांनी माझी रवानगी भंगारात झाली. शिवराम शिपायाने मला ढिगातून बाजूला काढलं आणि महेंद्रने रीतसर लिलावात घेतलं. माणूस वाईट नव्हता हो.

मग सरकारी नोकरी सोडून तो बाळकुमला टॉवर बांधणाऱ्या एका कंपनीत मोठा व्यवस्थापक झाला. बांधकामाच्या जागेवरच्याच त्याच्या केबिनमध्ये, काचेच्या कपाटात, प्रशस्तिपत्राशेजारी मला जागा मिळाली. दसऱ्याला झेंडूचा हार मिळे. दर शुक्रवारी तो मला पुसून नव्या बॅटऱ्या घाली, "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणे आणि पाहुण्यांना सांगे, "यानेच शहाड वाचवलं."

गेल्या वर्षी एका मंगळवारी कांता केबिनमध्ये आली. तिचा नवरा दगडू त्याच कामावर होता. कामगारांच्या झोपड्या एका उंच भिंतीच्या कडेला होत्या आणि भिंतीपलीकडे खोदकामाची माती रचलेली होती.

"साहेब, भिंतीला चीर गेलीय. काल बोट जात नव्हतं, आज हात जातोय."

महेंद्रचा हात कपाटाच्या किल्लीवर गेला. चल, उठ, मी मनात म्हटलं. पण हात मागे फिरला.

"कांताताई, मी लगेच मेल टाकतो. वरून ओके आलं की झोपड्या खाली करू."

"तवर काय करू, साहेब?"

"जरा सांभाळून राहा."

सूचनेचा मसुदा वर गेला. वरून उत्तर आलं, 'धोका' हा शब्द काढा. त्याने काढला. बुधवारी म्हणाले, 'तातडीने' नको. तोही गेला. गुरुवारी सकाळी अकराला मंजुरी आली. भिंत नऊ वाजताच पडली होती. कांता नळावर गेली होती. दगडू रात्रपाळी करून आत झोपला होता.

चार दिवसांनी ती नुकसानभरपाईच्या कागदांवर अंगठा द्यायला आली. तिची नजर माझ्यावर खिळली.

"साहेब, हा वाजतो का?"

महेंद्रने मला बाहेर काढलं. खटका दाबला. नुसता त्याचा श्वास केबिनभर घुमला.

"वाजतो," तो म्हणाला.

"मग?"



मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी 'आमची निगा राखा' असं सांगतात. माझी निगा कधीच कमी पडली नाही. बॅटऱ्या नव्या होत्या, किल्ली कपाटालाच होती. तुमच्या हाती कधी भोंगा आला, तर त्याला पुसत बसू नका, खटका दाबा. दगडूची झोपडी माझ्यापासून चाळीस पावलांवर होती.