कागदोपत्री बाद

मित्रांनो, मी एक जुने, जाड पुठ्ठ्याचे बालपुस्तक आहे आणि माझ्या चारही कोपऱ्यांवर दातांचे ठसे आहेत. तुम्हाला धक्का बसला ना? मलाही बसला होता.

कारखान्यात माझी पाने चिकटवली गेली आणि कुणाच्या डोळ्याला टोचू नयेत म्हणून कोपरे गोल कापले गेले. पाने आठच. प्रत्येक पानावर एक चित्र, खाली एक शब्द. एवढ्या मजकुरावरही मला विद्वत्तेचा कोण तोरा! सार्वजनिक ग्रंथालयात आले तेव्हा वाटले, आता चष्मेवाले वाचक मला अलगद उघडतील. पहिल्याच बुधवारी आठ महिन्यांच्या एका वाचकाने मला थेट तोंडात घातले. मी हबकलेच. ज्ञान पचवायचे असते हे ऐकून होते. आधी ते चावायचे असते हे कुणी सांगितले नव्हते.

दर बुधवारी सकाळी मुलांच्या खोलीत गोष्टीचा तास भरे. तीन वर्षांखालची मुले आपापल्या माणसाच्या मांडीवर बसत. गोष्टीवाल्या बाई मला उघडून धरत आणि शब्द अर्धाच म्हणत. "फु…" म्हणून थांबल्या की मुलांचा "गा" असा गलका होई. बदकाच्या पानावर त्या "बद…" म्हणत आणि सगळी खोली "क" म्हणे. लाळ गाळणाऱ्या त्या बोबड्या मंडळींचा "क" ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. बाई पालकांना सांगत, की मूल आधी ऐकून साठवते, मग बोलते. त्याला बोलायला जागा द्या.

चिमणी मात्र कधीच बोलली नाही. घरचे तिला लाडाने चिमणी म्हणत, पण तिसरे वर्ष सरत आले तरी तिने चकार शब्द काढला नव्हता. डॉक्टरांनी कान तपासले होते, त्यात खोट नव्हती. बाई थांबल्या रे थांबल्या, की तिची आईच घाईघाईने "क" म्हणून टाके. लेक मागे पडली आहे हे चारचौघांत दिसू नये, एवढीच तिची धडपड.

एका बुधवारी तास संपल्यावर आई टेबलापाशी बाईंकडे गेली. "आमचं नाव काढून टाका," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांची मुलं बोलतात. मला घरी जाऊन रडू येतं." चिमणी मला मांडीवर घेऊन सतरंजीवर एकटीच बसली होती.

नेमके तेव्हाच ग्रंथालयातले नवे कारकून खराब पुस्तके वेगळी काढत फिरत होते. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. पुस्तक उचलायचे, मोठ्याने "बाद" म्हणायचे आणि शिक्का मारायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी मला उचलले, दातांचे ठसे पाहून तोंड वाकडे केले. माझ्या पायाखालची जमीन सरकली. मला पाय नाहीत, तरी सरकली.

"बाद," ते म्हणाले आणि शिक्का दाबला.

"क," चिमणी म्हणाली.

गोष्टीच्या तासातले बदक कारकुनांना कुठून ठाऊक! त्यांना वाटले, पोरगी आपली चूक काढते आहे. त्यांनी जरा दरडावून पुन्हा "बाद" म्हटले. चिमणीने तितक्याच ठासून पुन्हा "क" म्हटले. या वेळी तो "क" टेबलापर्यंत पोहोचला. आईच्या हातातली पिशवी खाली पडली. अंगावर ओली शाई घेऊन मी स्वतःचे मरण साफ विसरले.

आई धावत आली. बाईंनी मला कारकुनांच्या हातून घेऊन फुग्याचे पान उघडले आणि "फु…" म्हटले. आईचे ओठ लगेच हलले. बाईंनी तिचा हात धरला.

"थांबा. आता तुम्ही नका म्हणू."

आई बघतच राहिली. "म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "तिचं उत्तर मीच देत होते?"

बाईंनी फुग्याचे पान तसेच उघडे धरले. चिमणीने त्याला "गा" मात्र जोडला नाही. आईने तोंडावर हात दाबून धरला. नाव काढायचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

मारलेला शिक्का पुसता येत नाही, असे कारकून म्हणाले. त्यामुळे कागदोपत्री मी या ग्रंथालयात नाही. बाईंनी मला आपल्या टोपलीत ठेवले आणि कारकुनांनी तिकडे काणाडोळा केला.

मित्रांनो, आम्हाला चावलात तरी चालेल, फक्त कपाटात कोंडू नका. घरात एखादे लहानगे असेल तर त्याला मांडीवर घ्या, पुस्तक उघडा, शब्द अर्धा म्हणा आणि गप्प बसा. हे वाटते तितके सोपे नाही. फुग्याचा "गा" यायला आणखी तीन बुधवार लागले आणि तिन्ही बुधवार ती आई ओठ मिटून बसली होती. चिमणीच्या शब्दाचे कौतुक सगळ्यांनी केले. तिच्या आईच्या गप्प बसण्याचे कुणी केले नाही, म्हणून मी करते आहे.