दुसरा ब्रेक

नाशिक रोडला किशोर गांगुर्डे यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक गाळा, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि एक पांढरी गाडी, एवढाच पसारा. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक बसवलेले. शिकणारा गोंधळला, की किशोरसर आपला ब्रेक दाबत. एकोणीस वर्षांत त्यांची गाडी कुणाला साधी घासलीही नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर त्यांचा उजवा पाय बधिर व्हायला लागला. शुगर बारा वर्षांपासून होतीच. एकदा ते भाजी घेऊन घरी आले तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती, आणि ती कुठे निसटली हे त्यांना सांगता येईना. डॉक्टरांनी तळव्याला सुई लावून विचारलं, "लागतंय?"

"टोचलीत का?" किशोरसरांनी विचारलं.

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. "गाडी बंद करा आता."

"मी कुठे चालवतो? मी नुसता शेजारी बसतो."

बायकोला, सरिताला, त्यांनी गोळ्या बदलल्यात एवढंच सांगितलं. पाय कुठे आहे ते जाणवत नव्हतं, म्हणून ते खाली वाकून बघू लागले. बूट ब्रेकवर आहे ना? आहे. शिकवताना दर दोन मिनिटांनी बघायचे. असे आठ महिने निभावले.

श्रावणात आशा भोर शिकायला आली. चाळिशीची, आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं म्हणून गाडी शिकत होती. फार घाबरायची. "सर, तुम्ही आहात ना?" असं रोज विचारूनच चावी फिरवायची.

"आहे. तुम्ही पुढे बघा."

अकराव्या दिवशी, सकाळी साडेसातला, जेल रोडच्या मागच्या रस्त्यावर अचानक एक सायकलवाला आडवा आला. "ब्रेक!" सर ओरडले. आशाने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि होता नव्हता तो जोर लावून पाय दाबला. तो अ‍ॅक्सिलरेटरवर होता. इंजिन किंचाळलं. सरांनी आपला ब्रेक दाबला, मांडीत गोळा येईपर्यंत दाबला. गाडी थांबेना. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा बूट ब्रेकच्या बाजूला, नुसत्या मॅटवर रुतला होता.

रस्त्याच्या कडेला हरसूलकडची ठमाबाई रानभाज्या घेऊन बसली होती. पहिल्या एसटीने येऊन तिने नुकतंच गोणपाट पसरलं होतं. गाडी थेट तिच्या अंगावर गेली. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी तिचा जीव गेला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा किशोरसर म्हणाले, "मी ब्रेक दाबला होता. पण बाईंनी अ‍ॅक्सिलरेटर सोडलाच नाही." वाक्य आपोआप बाहेर पडलं. आशा शेजारीच उभी होती. ती मान हलवत म्हणाली, "हो. सरांनी दाबला असणार. माझ्यामुळेच झालं." गाडी तपासली, दोन्ही ब्रेक ठणठणीत निघाले.

महिन्याभराने त्यांना कळलं, की आशा घराबाहेर पडत नाही, जेवत नाही. ते तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. पाय, डॉक्टर, मॅट, सगळं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "मग सर, माझा पाय कुठे होता?"

"तुम्ही शिकत होता. तुम्ही चुकणारच. म्हणून तर मी बसलो होतो."

"पण होता ना अ‍ॅक्सिलरेटरवर?" ती म्हणाली. "ते तुम्ही सांगितल्यानं थोडंच बदलतंय."

ते तसेच पोलीस ठाण्यात गेले. नवा जबाब लिहिताना ठमाबाईची लेक नवसाबाई समोरच्या बाकावर होती. भरपाईच्या कागदांसाठी ती तिसऱ्यांदा हरसूलहून आली होती. सगळं ऐकून ती उठून जवळ आली.

"पाय मेलाय, ह्ये तुमाला ठावं व्हतं?"

"होय."

"कवापासनं?"

"आठ महिने."

ती शिवी देईल, हात उचलेल, असं त्यांना वाटलं. द्यावी, उचलावा, असंही वाटलं. नवसाबाईने त्यांच्याकडे पाठ केली. मग हवालदाराला म्हणाली, "साहेब, माझा अंगठा घ्या. मला गाडी गाठायची हाय."

तिने अंगठा उठवला, पदराला शाई पुसली आणि ती निघून गेली. किशोरसर दाराकडे बघत राहिले.

"सर, तुमची सही राहिलीय," हवालदार म्हणाला. त्यांनी पेन हातात घेतलं. कुठे करायची हे हवालदाराला दोनदा दाखवावं लागलं.