काळ्याचे दोन हात

गल्लीत सगळी घरं फिकट होती आणि हे एकच काळं. अगदी काळं नव्हे, भिजलेल्या पाटीसारखं. रंग आप्पांनी निवडला होता, त्यांचं शिवणकामाचं दुकान चालू असताना. कारण विचारलं की ते म्हणत, "काळ्यावर डाग दिसत नाहीत." आता कारण बदललं होतं. आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं साचलं होतं, ते हटणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि रोज फिरून परत येताना आप्पा घर ओळखायचे ते त्याच्या काळेपणावरून. निदान घरातल्या सगळ्यांची, आप्पांसकट, तशी समजूत होती.

नातवंडं झोपायची त्या वरच्या खोल्या थंडीत गारठतात म्हणून भिंतींना बाहेरून फोमचे जाड तक्ते चिकटवायचे ठरले. तक्त्यांवर जाळी, जाळीवर गिलावा, गिलाव्यातच रंग.

"घर कोट शिवून घेतंय म्हणा की," आप्पा म्हणाले. "मापं नीट घ्या. काखेत घट्ट झाला तर उसवून देणार नाही मी."

गल्लीकडच्या भिंतीवर पांढरे तक्ते चढले त्याच संध्याकाळी आप्पा शेजारच्या दंतवैद्य बाईंच्या दारातून आत गेले, बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी हाक मारली, "सूनबाई, चहा टाक. आणि ही खुर्ची कोणी हलवली?" खुर्चीशेजारी गालाला रुमाल लावून बसलेला माणूस दचकून उठला. बाईंनी आप्पांना चहा दिला आणि हाताला धरून घरी आणून सोडलं.

आप्पा सगळ्यांबरोबर हसले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी काठी खुंटीवरून काढली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

"मी येते की बरोबर," सून म्हणाली.

"तू आलीस तर ते फिरणं नव्हे, ते मला फिरवणं झालं," आप्पा म्हणाले. "घर काळं होऊ दे. मग बघू."

म्हणजे घर पुन्हा काळं होणं गरजेचं होतं. ते काम सुनेनं अंगावर घेतलं. ती बेकरीत भट्टी सांभाळायची. पहाटे कामावर जायची आणि दुपारी मोकळी असायची. नवरा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा आणि घरी कधीच वेळेवर यायचा नाही.

गिलाव्याच्या मिस्त्रीनं रंगांच्या नमुन्यांचा पुठ्ठा उघडला. प्रत्येक रंगामागे एक आकडा छापलेला होता.

"हा आकडा म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो ते," तो म्हणाला. "पांढऱ्याचा नव्वदीच्या घरात. तुमच्या काळ्याचा आठ. फोमवर पंचवीसच्या खाली गेलात तर कंपनी जबाबदारी घेत नाही. मीही घेत नाही."

"रंग टिकणार नाही?"

"रंग टिकेल हो वहिनी. भिंत टिकेल का, ते विचारा."

मग त्यानं समजावलं. आधी विटांची भिंत ऊन प्यायची आणि आत मुरवायची. आता मागे फोम. तो उष्णता आत जाऊ देत नाही, त्यासाठीच तर लावलाय. मग सगळा ताप अडकतो तो बोटाच्या पेरापेक्षाही पातळ गिलाव्यात. दुपारी तो तापून ताणला जातो, वरून एखादी सर आली की एकदम आक्रसतो. असं रोज झालं की तक्त्यांच्या सांध्यांवर भेगा येतात, भेगांतून पाणी शिरतं, आणि मग फोडण्यावाचून इलाज नसतो.

"ताणला जाईल पण फाटणार नाही असा गिलावा नसतो का?"

"असतो. सिलिकोनचा घ्या. साधा सिमेंटचा कडक, तो पहिला तडकेल. सिलिकोनचा थोडा लवचीक आणि पाणी धरत नाही. पण काळ्याला तेवढ्यानं भागायचं नाही. काळ्याला दोन हात लागतील."

गिलाव्याच्या आणि रंगाच्या कामात 'हात' म्हणजे थर. जाळीचा एकाऐवजी दुहेरी थर, एवढंच मिस्त्रीला म्हणायचं होतं. पण आप्पा आतल्या खोलीत खिडकीशी बसले होते, आणि शिंप्याच्या दृष्टीनं हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं माप. रात्री जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, "तो म्हणतोय काळं फक्त दोन हात चालेल."

"दोन हात म्हणजे?"

"म्हणजे एवढं." आप्पांनी टेबलाच्या उंचीवर तळवा धरला. "बाकीचं पांढरं. घर आहे का परकर? खाली काठ आणि वर कोरं!"

"आप्पा, दोन हात म्हणजे दोन थर," सून म्हणाली.

"मग थर म्हणावं ना. लोकांच्या भिंतींवर चढतात आणि भाषा धड नाही."

"त्याच्याशी दोन हात करायला जाऊ नका म्हणजे झालं," मुलगा म्हणाला आणि आपल्याच विनोदावर एकटा हसला.

सुनेला मात्र आकडा गप्प बसू देईना. पंचवीसला चालतं आणि आठला नाही, म्हणजे नेमकं किती तापतं? बेकरीत भट्टीची लादी मोजायला पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. लांबून रोखायचं, घोडा दाबायचा, पडद्यावर आकडा येतो. मालकाला सांगून ती ते दुपारपुरतं घरी आणू लागली. मिस्त्रीकडून तिनं गल्लीकडच्या तक्त्यांवर दाराएवढे दोन नमुने करून घेतले. दोन्ही सिलिकोनचे, दोन्ही जुन्या काळ्या रंगाचे, दोन्हींत दुहेरी जाळी. फरक एकच. दुसऱ्याचा रंग वेगळ्या भुकटीचा होता. डोळ्याला तितकाच काळा, पण उन्हातली न दिसणारी उष्णता परत फेकतो असा कंपनीचा दावा होता.

"कंपनीच्या बाता आहेत," मिस्त्री म्हणाला. "काळं ते काळं. सख्खे जुळे आहेत दोघं, बघा."

भर उन्हात तिनं यंत्र रोखलं. पहिला नमुना चौऱ्याहत्तर अंश. दुसरा छप्पन्न.

मिस्त्रीनं यंत्र हातात घेतलं, स्वतःच्या कपाळावर रोखून पाहिलं, मग पुन्हा भिंतीवर. "अरेच्चा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "माझ्या कपाळाचा बरोबर दाखवतंय."

त्यानंतर त्यालाही चैन पडेना. दुसरीकडचं काम टाकून तो दुपारी यायचा. दोघं मिळून तापलेल्या नमुन्यांवर बादलीभर गार पाणी ओतायची आणि भिंग लावून सांधे बघायची. येणारेजाणारे थांबायचे. दंतवैद्य बाईंनी कुंपणावरून विचारलं, "भिंतीला न्हाऊ घालताय का हो?"

"बाळंतीण आहे ती," मिस्त्री म्हणाला. बाईंना कळायला वेळ लागला.

आठवडाभर अशा आंघोळी झाल्यावर पहिल्या नमुन्यावर केसाएवढी भेग दिसली, बरोबर तक्त्यांच्या सांध्यावर. दुसरा जसाच्या तसा होता. मिस्त्रीनं नख फिरवून पाहिलं, ओठ बाहेर काढले आणि म्हणाला, "वहिनी, हा मी करून देतो. आठ आकडा असला तरी. कंपनीकडून लेखी आणतो."

सुटलं एकदाचं, असं सुनेला वाटलं. ती आत गेली आणि आप्पांना बाहेर घेऊन आली. गल्लीच्या वळणावर त्यांना उभं केलं.

"आप्पा, दिसतंय का काळं?"

आप्पांनी मान तिरकी करून कडेनं पाहिलं. त्यांना आता कडेचंच थोडंफार दिसायचं. "नाही," ते म्हणाले.

"नमुना लहान आहे म्हणून असेल. आधी कसं दिसायचं?"

"दिसायचं म्हणजे..." आप्पा घुटमळले. "कळायचं. आलं घर, असं कळायचं."

ऊन उतरत होतं. समोरच्या छपरांच्या सावल्या रस्त्यावर लांबल्या होत्या. आणि सुनेच्या मनात जो प्रश्न आला तो इतका साधा होता, की तो आधी कुणालाच कसा पडला नाही याचंच तिला नवल वाटलं. आप्पा फिरायला निघायचे चहा पिऊन आणि परतायचे दिवे लागल्यावर. दिवे लागल्यावर सगळ्याच भिंती काळ्या. फिकट घरांत एक वेळ दिव्याचा उजेड तरी चकाकतो. काळं घर तर अंधारात आणखीच विरून जातं. मग धुकं भरलेल्या डोळ्यांना ते दिसायचं कसं?

"आप्पा, तुम्ही कुठल्या बाजूनं चालायचा?"

"डाव्या. भिंतीच्या कडेनं. का?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती वळणावर गेली, डोळे मिटले आणि डाव्या कडेनं चालू लागली. पहिल्यांदा दंतवैद्य बाईंच्या झाडाची कुंडी पायाला लागली. परत जाऊन तिनं पुन्हा सुरुवात केली. मागून येणारा कुणीतरी म्हणाला, "बरं नाही का ताई?" तिनं डोळे न उघडता "बरं आहे" म्हटलं आणि चालत राहिली. गार हवा, गार हवा, आणि एकाएकी डाव्या गालाला आणि हाताला धग लागली. भट्टी विझवल्यावर लादीजवळून जाताना लागते तशी, मऊ. चार पावलांत ती धग संपली.

तिनं डोळे उघडले. ती आपल्याच घरासमोर होती. विजेच्या मीटरच्या पेटीभोवती जुन्या भिंतीचा एक पट्टा तक्ते लावायचा राहिला होता, पेटी हलवायला माणूस यायचा होता म्हणून. फोम नसलेल्या विटा, त्यांवर जुनं काळं. तिनं त्यावर तळवा टेकवला. मग शेजारच्या नमुन्यावर. दुपारी ज्याच्यावर पाणी ओतलं की वाफ यायची, तो नमुना आता लोखंडी कठड्याइतका गार होता.

बेकरीत काम करणाऱ्या बाईला यात न समजण्यासारखं काही नव्हतं. पत्र्याचा ट्रे पटकन तापतो आणि पटकन निवतो. लादी सावकाश तापते, पण भट्टी विझली तरी तासन् तास ऊब सोडत राहते. जुनी भिंत लादी होती. नवी भिंत ट्रे होती. आप्पा इतकी वर्षं घर पाहत नव्हते. घर त्यांच्या गालाला हात लावत होतं.

तिनं ते रात्री सांगितलं. आप्पांनी डाव्या गालावरून बोटं फिरवली. "खरं असेल," ते म्हणाले. "ढगाळ असलं की मला उगाचच घर लांब वाटायचं."

"म्हणजे एवढ्या आंघोळी वाया?" मुलानं विचारलं.

"वाया कशा? गिलावा मिळाला की. फक्त तो आप्पांच्या कामाचा नाही." ती हिशेब मांडावा तशी बोलत होती, पण तिचा आवाज खाली आला होता. "जितका टिकाऊ तितका तो कमी तापतो. आणि साधा काळा लावला तरी दिवे लागेपर्यंत गारच. फोमवर काहीही लावा, संध्याकाळी आप्पांना घर लागणार नाही."

"मग फोम काढा."

"आणि वरच्या खोल्यांचं काय?" आप्पा म्हणाले. "माझ्यासाठी नातवंडांनी कुडकुडायचं? काही नको. मी खिडकीत बसेन. खिडकी चांगली आहे."

खिडकी चांगली आहे हे ते फारच समजूतदारपणे म्हणाले.

सकाळी मिस्त्री आला तेव्हा सुनेची सुट्टी होती. तिनं त्याला पट्ट्यावर हात ठेवायला लावला, सगळं सांगितलं. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. खिडकीतून आप्पा म्हणाले, "तुझे ते दोन हात राहू देत आता. रंग गुलाबी दे, मला काय."

"कुठले दोन हात, आप्पा?"

"तूच म्हणालास ना. काळं दोन हात." आणि त्यांनी पुन्हा तळवा त्या उंचीवर धरला.

सून त्या तळव्याकडे बघत राहिली. आप्पा भिंतीच्या कडेनं चालताना त्यांचा डावा हात बरोबर तिथेच लोंबायचा.

"मिस्त्री," ती म्हणाली, "घराला कोट आहेच. पण घराबाहेर, गल्लीच्या कडेला आपल्या कुंड्या आहेत त्या जागी, दोन हात उंचीची विटांची भिंत बांधली तर? तिला कोट नको. फोम नको. जाड, भरीव आणि काळी."

मिस्त्रीनं कुंड्यांची पट्टी पावलांनी मापली. "बिनकोटाची," तो म्हणाला. "तिला साधा सिमेंटचा गिलावाही चालेल, चांगला जाड. मागे विटा असल्यावर ताप आत मुरतो. पुढच्या काठावर पाणी निथळायला उतार ठेवू." मग त्याला शंका आली. "पण ढग असले की?"

"मी सांगतो," खिडकीतून आप्पा म्हणाले. "कॉर्डरॉय कर. आडव्या रेघा ओढ ओल्या गिलाव्यात. या गल्लीत कॉर्डरॉयची भिंत दुसरी कोणाची असणार?"

घराला शेवटी ओल्या वाळूचा रंग दिला, आकडा एकतीस, सिलिकोनचा, जाळीचा एकच थर. काळं हवं असा आग्रह आता कुणाचाच नव्हता, आणि मुलाला तो रंग आधीपासूनच आवडत होता असं आता कळलं. मीटरची पेटी हलली, शेवटचा पट्टाही झाकला गेला. पुढची बुटकी काळी भिंत मिस्त्रीनं स्वतः बांधली आणि आप्पांना बोलावून ओल्या गिलाव्यावरच्या रेघा बोटांनी तपासून घेतल्या. आप्पांनी दोन ठिकाणी नापास केल्या. त्यानं पुन्हा ओढल्या.

गिलावा वाळला त्या दिवशी कडक ऊन होतं. आप्पांनी चहा पिऊन काठी खुंटीवरून काढली. सून ओसरीवर बसून राहिली; वळणावर जायचं नाही असं तिनं स्वतःलाच बजावलं होतं. दिवे लागले. काठीचा आवाज आला, दंतवैद्य बाईंच्या दारापाशी मंदावला, थांबला. आतून बाई हाक मारणार होत्या, पण सुनेनं लांबूनच हातानं नको म्हणून खुणावलं.

काठी पुन्हा वाजू लागली. बुटक्या भिंतीशी आली आणि आप्पांचा डावा हात, न शोधता, तिच्या कडेला टेकला. त्यांनी तो तसाच रेघांवरून घासत दारापर्यंत आणला.

"सूनबाई," ते म्हणाले, "दंतवैद्यीण बाईंची भिंत गार आहे गं फार. त्यांनाही दोन हात करून द्या."