अंबाबाईचा तातडीचा निरोप

२००५ साली आमच्या गावात फोन नव्हता, पण कंप्युटर होता. पुण्याहून काही हुशार लोक आले आणि त्यांनी तो समाजमंदिरात बसवला. मुक्कामाच्या एसटीत, ड्रायव्हरमागच्या फळीवर, त्यांनी एक डबा ठोकला. सकाळी गाडी सुटायच्या आधी कंप्युटरमधला निरोप वायरीशिवाय डब्यात जायचा. मंचरच्या स्टँडवर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीच्या डब्यात उडी मारायचा. शेजारी गाडी नसेल तर वाट बघत बसायचा. ज्या गावचा असेल तिथल्या कंप्युटरमध्ये उतरायचा आणि तिथला ऑपरेटर तो माणसाला नेऊन द्यायचा. कंडक्टरच्या हातात चिठ्ठी दिली असती तर दुपारपर्यंत पोचली असती, पण ते प्रोजेक्टमध्ये बसत नव्हतं.

ऑपरेटर मी होतो. बारावी नापास, पण दोनदा, त्यामुळे अनुभव होता.

सोमाजीची बायको अंबाबाई पोटात पाणी होऊन फुगली होती. घोडेगावच्या डॉक्टरनं सांगितलं, घरी न्या, आवडेल ते द्या. तिला आवडणारी गोष्ट एकच होती आणि ती आळेफाट्याला गॅरेजात ट्रकचे पाटे बदलत होती. पोरगा गोकुळ. चार वर्षांत घरी आला नव्हता.

‘आई आजारी आहे, ये,’ असा निरोप मी तीनदा पाठवला. उत्तर नाही. साधा निरोप एकाच डब्यात बसतो, डबा जाईल तिकडे जातो. त्यातला एक नगर बघून आल्याचं मला नंतर कळलं. तातडीचा निरोप मात्र वाटेत भेटेल त्या प्रत्येक डब्यात शिरतो. पण तातडीचं बटण फक्त मयतीला दाबायचं, असं हुशार लोक बजावून गेले होते.

“मंग दाब की मयतीचं,” सोमाजी म्हणाला.

“अहो, मावशी जित्त्या हायेत.”

“पोचायला किती दिस लागत्यात?”

“दोन-तीन.”

“तवर व्हईल ती मोकळी. मढं काय तीन दिस ठिवायचं व्हय?”

अंबाबाई समाजमंदिराच्या पायरीवरच बसली होती. “दाब रं बाबा,” ती म्हणाली. “आजारी म्हनून न्हाई आला. मेली म्हनल्यावर यील. आन जित्ती हाय म्हनून मागनं कळवू नगंस. निम्म्यातनं माघारी फिरंल.”

मी दाबलं. ‘आई वारली. ये.’

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मी वाचून दाखवलं: ‘बातमी कळली. वाईट झालं. सीझन आहे, मालक सोडत नाही. माती उरकून घ्या. दहाव्याला नक्की येतो.’

“दहावा कवा हाय?” अंबाबाईनं विचारलं.

मी बोटं मोजली. “अजून सहा दिवस.”

“काढीन.”

अन्न सोडलेली बाई त्या दिवसापासून वाटीभर पेज पिऊ लागली. दहाव्याला भात लागेल म्हणून सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली. शेजारची सरूबाई ओरडली, “अगं, सोताच्या दहाव्याचं तांदूळ कुनी निवडतं का?”

“तुमी खडं ठिवता,” अंबाबाई म्हणाली.

दहाव्या दिवशी ती नवं लुगडं नेसून गाडीच्या थांब्यावर बसली. संध्याकाळी गाडी आली. तीन माणसं आणि एक बोकड उतरला. गोकुळ नव्हता. डब्यात निरोप होता: ‘दहावा जमत नाही. वर्षश्राद्धाला पक्का.’

तिनं तो पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. काही बदललं नव्हतं.

“वरीसभर न्हाई जमायचं मला,” ती म्हणाली. दुसऱ्याच्या शेतावर कामाला यायला नाही म्हणावं, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटायच्या आत ती गेली.

सोमाजी आला. “दाब.”

मी टाइप केलं, ‘आई वारली. ये.’ पडद्यावर अक्षरं आली: हा निरोप पोचलेला आहे. पुन्हा घेतला जाणार नाही. एकदा पोचलेला मजकूर त्याच माणसानं त्याच माणसाला दुसऱ्यांदा पाठवला तर जागा वाया जाते, म्हणून हुशार लोकांनी ती सोय केली होती.

“थांबा, मजकूर बदलतो,” मी म्हणालो.

“काय बदलनार? गेलीच हाय ना.” सोमाजीनं बाहेर बघितलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. “ऱ्हाऊ दे. त्याला म्हाईत हाय.”

पुढच्या वर्षी गोकुळ शब्दाप्रमाणे श्राद्धाला आला. दहा दिवस आधी. त्यानं तिथी तातडीच्या निरोपाची धरली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठं तरी वेळेआधी पोचला होता. दहा दिवसांनी हा परत येणार नाही हे सोमाजीला ठाऊक होतं. त्यानं त्याच दिवशी श्राद्ध घातलं.

गोकुळ दोनदा भात मागून जेवला. हात धुताना म्हणाला, “बा, आजारी व्हती तर आधी कळवायचं व्हतं की राव. पळत आलो असतो.”

सोमाजीनं माझ्याकडं बघितलं. मी पत्रावळी गोळा करायला लागलो.

सकाळी गोकुळ मुक्कामाच्या गाडीनंच गेला. गर्दी नव्हती. त्याला ड्रायव्हरच्या मागची, डब्याखालची सीट मिळाली.