बारा घोडे

त्या दिवशी जळगावला जाण्याआधी मंजुळाबाईने झुलालच्या पांढऱ्या सदऱ्याला स्वतः इस्त्री केली होती, आणि पुढे दोन महिने तिला सगळ्यात जास्त राग यायचा तो त्या इस्त्रीचाच. चोर म्हणवून घ्यायला नवराबायको कडक कपडे घालून, एस.टी.त उभ्याने, धुळ्याहून पार जळगावपर्यंत गेले होते!

गोष्ट एकोणनव्वद सालची. झुलाल मिस्त्रीचं गॅरेज धुळ्यात पारोळा रोडला होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, एक खड्डा आणि मंजुळाबाई. झुलाल इंजिन खोलायचा, ती सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, गोणपाटावर ओळीने मांडायची. वीस वर्षांत तिची बोटं न बघता सांगायची की रिंग झिजलीय की चालेल अजून. झुलाल कामाला वाघ, पण तोंडाने मुका. बोलायचं खातं तिच्याकडे होतं.

अभिमन नाना म्हणजे धुळ्यातलं बडं प्रस्थ. जळगावातल्या एका खाजगी तंत्रसंस्थेचे ते अध्यक्षही होते. त्यांच्या जुन्या मोटारीचं इंजिन झुलालने पुरतं उतरवलं, बोअर केलं, नवे पिस्टन घातले. ते गाडीत परत बसवणार, तेवढ्यात नानांना कल्पना सुचली. संस्थेत इंजिनाची ताकद मोजायचं नवं यंत्र आलं होतं, त्याचं उद्घाटन आपल्याच इंजिनाने करायचं! इंजिन टेम्पोत चढवून जळगावला गेलं. मागोमाग निरोप आला, की मिस्त्री, तुम्हीही जोडीने या, शाल-नारळ देऊ. म्हणून ती इस्त्री.

मांडव होता, माइक होता, यंत्राला हळदकुंकू लावलं होतं, आणि माणसं म्हणाल तर चारशे. मोजायची रीत साधी होती. इंजिन पळवायचं, त्याच्या फिरत्या दांड्याला ब्रेक लावायचा, आणि इंजिन त्या ब्रेकला किती जोराने रेटतं ते काट्यावर बघायचं. संस्थेतले सुकदेव सर काट्याशी उभे होते. त्यांनी आकडा वाचला, गणित केलं आणि कागद नानांच्या हातात दिला. ब्रेक हॉर्सपॉवर, अडतीस.

नानांच्या दुसऱ्या हातात गाडीबरोबर आलेलं कंपनीचं पुस्तक होतं. त्यात छापलं होतं, हॉर्सपॉवर पन्नास.

नाना माइकजवळ गेले. "मंडळी, पुस्तकात पन्नास घोडे आणि मशीन म्हणतं अडतीस. माझे बारा घोडे कोणाच्या दावणीला बांधलेत, ते आता आमच्या धुळ्याच्या झुलाल मिस्त्रीलाच विचारायला पाहिजे!"

मांडव हसला. नानांना हशा मिळाला की थांबवत नाही. मग आतले चांगले भाग काढून जुने घालणारे मिस्त्री कसे असतात, गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून कसं फावतं, यावर त्यांनी चांगली पाच मिनिटं घेतली. झुलाल तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. मंजुळाबाई सुकदेव सरांकडे बघत होती. त्या माणसाने एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि रुमालाने चष्मा पुसला. शाल-नारळाचं नाव पुढे कोणी काढलं नाही.

परतीची गाडी एरंडोल ओलांडून गेली. मग झुलाल एवढंच म्हणाला, "त्या इंजिनमा काही खोट नही शे."

"माले सांगी राहिनात?" ती कडाडली. इंजिनाचे सगळे भाग तिच्याच हातून धुऊन गेले होते. "मीच धुयं ना ते बठ्ठं!"

आठ दिवसांत बोलणं धुळ्याच्या टॅक्सी स्टँडवर येऊन पोचलं. आधी एकाने खोललेलं इंजिन तसंच उचलून नेलं. दुसरा उभा राहून नटबोल्ट मोजू लागला. वना टॅक्सीवाला, ज्याची गाडी बारा वर्षं दुसऱ्या कोणाच्या हाताला लागली नव्हती, तोही फिरकेना. काढलेला प्रत्येक जुना भाग पोत्यात बांधून मालकाच्या हवाली करायची झुलालची पद्धत होती. नानांचंही पोतं दिलेलं होतं. मंजुळाबाई ते पुरावा म्हणून मागायला त्यांच्या बंगल्यावर गेली, तर पोतं केव्हाच भंगारवाल्याला गेलेलं. झुलाल रिकाम्या खड्ड्याच्या काठावर बसून तोच पाना पुनःपुन्हा पुसायचा. ते पुसणं बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी ती एकटीच जळगावला गेली आणि सुकदेव सरांच्या टेबलापुढे उभी राहिली.

"सर, आमचे बारा घोडे कुठे गेले?"

सर भला माणूस. भल्या माणसांचाच जास्त राग येतो, कारण ते सगळं समजून गप्प बसतात. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. पुस्तकातले पन्नास हे सिलिंडरच्या आत जळणाऱ्या पेट्रोलच्या दाबावरून काढलेले. त्यातले काही इंजिन स्वतःच खातं. पिस्टन घासतात, बेअरिंग घासतात, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, सगळ्यांना फिरवायला जोर लागतो. तो वजा जाऊन दांड्यावर जे उरतं, ते ब्रेक लावून मोजायचं. म्हणून ते ब्रेक हॉर्सपॉवर. "दोन्ही आकडे खरे आहेत, बाई. चोरी कसली? उलट एवढ्या जुन्या इंजिनाला अडतीस म्हणजे मिस्त्रींचा हात फार चांगला."

"हे तुम्हाला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

सरांनी चष्मा काढला. "नाना बोलत होते."

मंजुळाबाईला वाटलं, टेबलावरची शाईची दौत उचलून याच्या पांढऱ्या शर्टावर ओतावी. शिकलेल्या माणसाला तोंड असतं कशाला? माहीत असलेली गोष्ट वेळेवर सांगायला नाही, तर काय चहा प्यायला? तिने दौत उचलली नाही. ती म्हणाली, "आता नानांसमोर दाखवा. नाहीतर मी इथून हलत नाही." आणि खरंच, संध्याकाळी सरांनी नानांना निरोप धाडेपर्यंत हलली नाही.

संस्थेत मुलांना शिकवण्यासाठी त्याच बनावटीचं एक नवंकोरं इंजिन आलेलं होतं. पुस्तकात त्याचेही पन्नासच. पुढच्या सोमवारी नाना पाच माणसं घेऊन संस्थेच्या मागच्या शेडमध्ये आले. सरांनी ब्रेक लावला, काटा वाचला, गणित केलं. चाळीस.

"नव्याला चाळीस," मंजुळाबाई म्हणाली, "आणि यांच्या हातच्या जुन्याला अडतीस. आता या नव्यातले दहा कोणी चोरले, नाना?"

नानांनी घड्याळ बघितलं. "बरं, बरं. झाला गैरसमज. विषय संपला."

"संपला कसा? जे माइकवर बोललात, ते माइकवर मागे घ्या."

"ताई, एवढ्याशा गोष्टीला माइक कशाला?" नाना हसले, आणि ती पाच माणसंही हसली. मोटारीचं दार लागलं. चोर ठरवायला मांडव घातला होता, आणि निर्दोष ठरवायला मागची शेड पुरली. मंजुळाबाईला रडू आलं ते दुःखाने नाही, संतापाने.

पुढच्या आठवड्यात वना टॅक्सी घेऊन गॅरेजवर आला. झुलालचा चेहरा उजळला. त्याने बोनेट उघडलं, कान लावला, प्लग काढून तपासायला गोणपाटावर ठेवले.

"बरं झायं, मिस्तरी," वना म्हणाला. "नानानी तुमले माफ करं म्हने. बठ्ठा स्टँडवर बोली राहिनात. मोठा मनना माणूस."

झुलालचे हात थांबले. मंजुळाबाई रॉकेलच्या घमेल्यापासून उठली.

"माफ? कसानं माफ? चोरी करी व्हती का आम्ही?"

"मी काय बोलनू, वहिनी? माफ करं ना, मंग झायं. गाडी लई उनू ना मी."

झुलालने प्लग उचलले आणि वनाच्या हातात ठेवले. आवाज चढवला नाही. "लई जा गाडी. नानानी माफ करेल माणूसना हातनं काम करी लेऊ नको."

दोन महिन्यांत आलेली ही पहिली गाडी होती. डब्यात पीठ किती उरलंय, हे मंजुळाबाईला नेमकं ठाऊक होतं. तिने नवऱ्याला अडवलं नाही.

वना चिडला. प्लग हातात धरून तो तसाच उभा राहिला. "इतला ताठा! मंग त्या बारा घोडा गयात कोठे, ते तरी सांगा!"

झुलालने वर बघितलं. "माले हाई इचारनारा तू पहिला शे," तो म्हणाला. त्याला पुढे सांगायचं होतं, आणि नेहमीसारखा तो शब्द शोधू लागला.

मंजुळाबाईने मात्र शब्द शोधत वेळ घालवला नाही. तिने वनाच्याच डिकीतून इंजिन हाताने फिरवायचं लोखंडी हँडल काढलं, मोटारीच्या नाकाखालच्या भोकात घातलं, गिअर सुटा आहे ना ते बघितलं.

"फिराव."

"प्लग तर मना हातमा शेत. चालू कशी व्हई?"

"चालू नही कराणी. नुसतं फिराव. पन्नास येढा."

वनाने प्लग गोणपाटावर ठेवले आणि हँडल धरलं. पहिले दहा वेढे त्याने हसत मारले. विसाव्याला हसू गेलं. तिसाव्याला सदरा पाठीला चिकटला. रस्त्यावरून जाणारे दोघे थांबले, मग चौघे, आणि स्टँडवरचेही दोन ड्रायव्हर येऊन उभे राहिले. चाळिसाव्याला वनाने हँडल सोडलं आणि बंपर धरून धापा टाकू लागला.

"बस, वहिनी. खांदा गया मना."

"तुना खांदामाईन गया ना जोर? कोनी चोरा?" तिने विचारलं. "गाडी तं जागावरनी हालनी बी नही. इतलं इंजिनले सोताले फिरावालेच लागस, दिवसभर. मंग जे उरस ते चाकले."

जमलेल्यांतला एक ड्रायव्हर पुढे झाला आणि त्याने हँडल धरून बघितलं. पाच-सहा वेढ्यांत तोही मागे सरला.

वनाने खांदा चोळला, खाली वाकला आणि गोणपाटावरचे प्लग उचलून झुलालपुढे धरले. मग स्टँडच्या दिशेला तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "नानाना हातमा माइक नही, हाई हँडल देवाले पाहिजे व्हतं!"