मला मत देऊ नका

आमच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या, पण लोक ताटकळत बसायचे ते मधल्या खुर्चीसाठी, कारण तिथे हे स्वतः उभे असत. हे म्हणजे माझे यजमान. आता ते नाहीत, सलूनच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. पण तुरटीचा आणि गरम टॉवेलचा तो वास मला अजूनही मध्येच कुठूनतरी येतो.

आमच्या भागातून विधानसभेवर निवडून गेलेले साहेब मात्र सलूनमध्ये येत नसत. हे रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन दाढी करून येत, आणि जाताना गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी बरोबर नेत. कोणाच्या गल्लीत पाणी चढत नाही, कोणाच्या आईचं पेन्शन अडकलंय. साहेबांच्या तोंडाला साबण लागला की हे एकेक बाहेर काढायचे. "गळ्यावर वस्तरा असताना नाही कोण म्हणणार?" असं साहेबच चारचौघांत हसत सांगत. कामं व्हायची. हळूहळू लोकांना वाटायला लागलं की कामं हेच करतात, साहेब नुसती सही करतात. ह्यांनाही तसं वाटायला लागलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मुदत अर्धी असतानाच साहेब गेले. बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते, आणि तिथेही दाढी ह्यांच्याच हातची. साहेबांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणायचो. माझ्याहून वयाने मोठ्या, बोलायला कमी. माझ्या धाकट्याला कावीळ झाली तेव्हा आठवडाभर माझं स्वयंपाकघर त्यांनी सांभाळलं होतं, आणि नंतर कधी तो विषयसुद्धा काढला नाही.

पोटनिवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात वहिनी संध्याकाळच्या आमच्याकडे आल्या. मी चहा टाकला.

"भावजी, एक विचारू का?" त्या ह्यांना म्हणाल्या. "सकाळी मी हॉस्पिटलमधून घरी आंघोळीला जायचे तेव्हा तुम्हीच त्यांच्याजवळ असायचात. माझ्याबद्दल काही बोलले का ते? मी उभं राहावं, किंवा राहू नये, असं काही?"

हे कपाकडे बघत म्हणाले, "नाही वहिनी. शेवटी शेवटी त्यांना बोलवतच नव्हतं."

"मला वाटलंच होतं." वहिनींनी मान हलवली. "घरातल्या बाईने हे असलं काही करणं त्यांना आवडलं नसतं बहुतेक."

चहा अर्धा टाकून त्या उठल्या. मला वाईट वाटलं ते त्यांच्यासाठी. ह्यांच्याकडे तेव्हा मी नीट बघितलंच नाही.

सलूनमध्ये तर रोजचीच सभा भरू लागली. निवृत्त मास्तर म्हणायचे, "दादा, आता तुम्हीच उभे राहा. एवीतेवी कामं तुम्हीच करत होतात." बेकरीवाला त्यांच्याही पुढे. शेवटी ह्यांनी अर्ज भरला.

"आणि वहिनी?" मी विचारलं.

"त्या कुठे उभ्या राहतायत?"

शेवटच्या दिवशी, कचेरी बंद व्हायच्या बेताला, वहिनींनी अर्ज भरला.

एका जागेसाठी सतराजण झाले. बिल्डर, वकील, केबलवाला, शिवाय कुठल्याही निवडणुकीला हौसेने उभे राहणारे एक आजोबा. मतपत्रिका दाढीच्या टॉवेलाएवढी लांब झाली. ह्यांना चिन्ह मिळालं कंगवा.

"दादा, कंगव्याला मी कुठल्या तोंडाने मत देऊ?" बेकरीवाला आपल्या टकलावरून हात फिरवत म्हणाला.

"तोंडाने नाही रे, डोक्याने दे," मास्तर म्हणाले. सगळं सलून हसलं. हे हसले नाहीत.

पण चिन्हाची गोष्ट नंतरची. त्याआधी अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस आला. त्या दिवशी मी दोनदा सलूनमध्ये जाऊन आले. "अहो, मागे घ्या ना. वहिनींविरुद्ध उभं राहायचं म्हणजे काय?"

"लोकांना काय सांगू? घाबरलो?"

दुपारभर ते एकामागून एक दाढ्या करत राहिले. ज्याची नुकतीच झाली होती त्याच्याही गालावर त्यांनी पुन्हा साबण लावला. कचेरी बंद झाली, तेव्हा कुठे वस्तरा खाली ठेवला.

घरी आले, जेवले नाहीत. मग म्हणाले, "साहेब बोलले होते."

"काय बोलले होते?"

"वहिनींबद्दल. उभी राहू दे तिला, म्हणाले होते."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "आणि त्या इथे, ह्याच खुर्चीत बसून विचारत होत्या तेव्हा?"

"वाटलं, सांगितलं नाही तर त्या उभ्या राहायच्या नाहीत. मग माझा रस्ता मोकळा." एवढं सरळ, पोरासारखं सांगितलं त्यांनी. मला ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवसापासून ह्यांनी उलटाच प्रचार सुरू केला. दारोदार जायचे आणि हात जोडायचे, "मला मत देऊ नका. वहिनींना द्या. माझी चूक झाली." कसली चूक, ते सांगायचे नाहीत. लोक बघतच राहायचे. सोळाजण मत द्या म्हणून उंबरे झिजवतायत आणि एक माणूस देऊ नका म्हणतोय! बायका गॅलरीतून एकमेकींना सांगायच्या, "असा माणूस बघितला नाही गं." केबलवाला सभेत ओरडला, "नाटकं आहेत ही सगळी!" आणि त्याच्याच सभेतले लोक उठून निघून गेले. जितके हे नको म्हणत, तितकी लोकांची खात्री पटत गेली की ह्यांनाच द्यायचं.

मी एकदा रस्त्यातच म्हणाले, "सगळ्या शहराला सांगत फिरताय. त्या एकीला सांगा की."

"सांगतो. सांगणार आहे."

"कधी?"

"जरा हे आटपू दे."

मग वहिनींचाच निरोप आला, साहेबांच्या भाच्याबरोबर. "मामी म्हणाली, काकांना म्हणावं माझं नाव घेऊ नका. तुम्ही माझं नाव घेता आणि मतं तुम्हाला पडतात." ह्यांनी प्रचार थांबवला. सलून बंद करून घरात बसले. तर लोक म्हणायला लागले, बघा, पोस्टर नाही, सभा नाही, निवडून यायची हावसुद्धा नाही.

सतराजणांत मतं अशी काही विखुरली की पहिल्याला फारशी लागलीच नाहीत. हे निवडून आले. वहिनी दुसऱ्या. फरक इतका थोडा की मोजणी पुन्हा करावी लागली, आणि पुन्हा तेच.

कचेरीबाहेर फटाके वाजत होते. मी ह्यांचा दंड धरला आणि मागच्या दाराने बाहेर काढलं. "आधी तिकडे," मी म्हणाले.

वहिनींनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत. "अभिनंदन, भावजी."

"वहिनी, मी राजीनामा देतो."

"आणि मग? मी पुन्हा दारोदार फिरू? हरले ती हरले. त्याचं काही नाही."

"ते नाही वहिनी." हे म्हणाले. "साहेब बोलले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं सांगितलं."

वहिनींचा हात कडीवर तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "काय बोलले होते?"

"की तुम्ही उभं राहावं, अशी त्यांची..."

"तुमच्या शब्दांत नको. त्यांच्या."

ह्यांनी डोळे मिटले. "ती तोंडाने बोलणार नाही, पण तिच्या मनात आहे. उभी राहू दे तिला. माझ्यापेक्षा बरं करेल."

"आणि?"

"आणि काही नाही. मग मी दुसरा गाल केला."

"हे बोलताना हसत होते का?"

हो म्हणायला काय जात होतं? मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, हो म्हणू देत. हे म्हणाले, "साबण होता वहिनी तोंडाला. नीट दिसलं नाही."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "प्रत्येक दारात हात जोडताना वाटायचं गं, त्यांच्या मनाविरुद्ध चाललेय. एक दिवससुद्धा मोकळेपणाने मत मागितलं नाही मी." ह्यांनी वाकून पायाला हात लावायचा प्रयत्न केला, तर त्या मागे सरकल्या. "जा आता. लोक शोधत असतील तुम्हाला."

दार लागलं. जिन्याखाली लोकांना आमचा पत्ता लागलाच होता. त्यांनी ह्यांना खांद्यावर घेतलं, आणि उचललेलं सामान जावं तसे हे गर्दीवरून पुढे गेले. मला त्या गोंगाटात जावेना. वरच्याच पायरीवर उभी राहिले. आतून वहिनींचा आवाज येत होता. घरात दुसरं कोणी नव्हतं. ते वाक्य त्या हळू आवाजात म्हणत होत्या, थांबत होत्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या. साहेबांनी ते कसं म्हटलं असेल, ते शोधत असाव्यात.